केनवडला, परागकणातून उगवणारं वांगं बघायला

"फेब्रुवारीत वाशीम जिल्ह्यात काय बघणार?" नवऱ्याने विचारलं. "वांगं," मी म्हटलं आणि पिशवी भरायला घेतली.

सुनंदा आणि मी नागपुरात एम.एस्सी.ला एकाच टेबलावर काम करायचो. बी न पेरता, वांग्याच्या फुलातल्या परागकणापासूनच रोप तयार करायचं, हा आमचा प्रकल्प. वर्षभर खपलो, एक रोप आलं नाही. मी नाशिकला शाळेत शिकवायला लागले. सुनंदा लग्न होऊन केनवडला गेली आणि ते अर्धवट काम सोबत घेऊन गेली. आता ती वाशीमच्या एका कॉलेजात तासिकेवर शिकवते, आणि घरामागच्या खोलीत तिची प्रयोगशाळा आहे. गेल्या महिन्यात तिचा फोन आला. "उष्णपेटी कॉलेजची हाय, ते आता परत मागून राह्यले. प्रयोगाची ही शेवटची खेप. मले एकटीनं पाहायची हिंमत नाही होत. तू ये."

तुम्हाला जायचं असेल तर अकोल्यापर्यंत रेल्वे, पुढे वाशीमची एसटी. खिडकीची जागा धरा, कारण पातूरनंतर घाट लागतो. सागाची पानं झडून गेली होती, पळसाला काळसर कळ्या धरल्या होत्या. मी वाशीमच्या अलीकडे मालेगावला उतरले; आमच्या नाशिककडचं मालेगाव वेगळं. स्टँडबाहेर गरम आलूबोंडा आणि तळलेली मिरची खाल्ली. चहासकट पन्नास रुपयांत पोट भरलं. तेवढ्यात सुनंदा स्कूटर घेऊन आली. केनवडच्या वाटेवर दोन्ही बाजूंना हरभरा आणि गहू. केनवडला माझी सोय तिच्या घरीच होती. ओळख नसेल तर मुक्काम वाशीमला करा.

ओसरीवर एक म्हातारे गृहस्थ वाट बघत बसले होते. आसेगावचे महादेवकाका. काटेरी देठाचं, जांभळ्या-पांढऱ्या रेघांचं जे वांगं सुनंदा वापरते, ते यांच्या शेतातलं.

"माह्या बापापासून हे बी हाय," काका मला म्हणाले. "आता शेजारी संकरित वांगी लावतेत. भुंगे इकडून तिकडं जातेत. दहा झाडं लावली तं चारच आपल्यासारखी निघतेत."

"निवडत निवडत बी शुद्ध करता येतं ना?" मी विचारलं.

"येते. सहा-सात हंगाम लागतेत म्हणे. मी पंच्याहत्तरीले आलो, बाई."

परागकणात झाडाच्या गुणांचा एकच संच असतो. त्यातून रोप उगवलं आणि तो संच औषधाने दुप्पट केला, की दोन्ही संच तंतोतंत सारखे होतात आणि शुद्ध वाण एका फटक्यात हाती येतो. काकांची सगळी आशा त्यावर होती.

सुनंदाच्या खोलीत मी एकेक वस्तू बघत फिरले. निर्जंतुक करायला घरचा प्रेशर कुकर. जुन्या बाजारातून आणलेलं भिंग. वहीत एकेका कळीची नोंद. न उमललेल्या कळीतले परागकोश काढून ती काचेच्या बशीतल्या जेलीसारख्या खाद्यावर ठेवते. त्या खाद्यात दोन संप्रेरकं असतात, ऑक्सिन आणि सायटोकायनिन. झाडाच्या अंगातही असलीच द्रव्यं पेशींना मूळ धरायला, कोंब काढायला सांगतात. मग आठ दिवस उष्णपेटीत, अंधारात.

"उष्णतेनं परागाची ठरलेली वाट मोडते," सुनंदा म्हणाली. "अन् ही दोघं त्याले नवी वाट दाखवतेत. पण जास्त दिवस सोबत राह्यली, तं तो नुसता फुगत जाते. गाठीच गाठी. आपलं नागपुरात तेच झालं."

"जास्त टाक, लवकर येईल, असं मीच म्हणायचे," मी म्हटलं.

"तूच," ती हसली. "यावेळी मी अर्ध्या बश्यांतले कोश बाराव्याच दिवशी नव्या खाद्यावर नेले. त्यात ऑक्सिन नाहीच, दुसरं फक्त नावाला."

ती भिंगाला डोळा लावून बसली. पहिल्या तीन बश्यांमधले परागकोश तपकिरी पडून मेलेले. पुढच्या चारांत पिवळट गाठी. ती एकेक बशी बाजूला सारत होती. काका दारात उभे. नव्या खाद्यावर नेलेल्यांतली पहिली, म्हणजे आठवी बशी आली, तिथे तिचा हात थांबला.

"मीरा, तू पाह्य."

मी पाहिलं. वाळलेल्या परागकोशाची भिंत फाटली होती आणि आतून पांढरेशुभ्र कण डोकावत होते. गाठी नव्हेत. प्रत्येकाला एका टोकाला दोन इवली दलं, दुसऱ्या टोकाला मुळाचं टोक. भ्रूण. एकही बी नसताना. माझे डोळे भरले आणि भिंगातलं सगळं धूसर झालं. नऊ मोजले. काकांनी बघितलं आणि टोपी काढून हातात धरली.

त्या दुपारी सुनंदाच्या नवऱ्याने गोवऱ्यांच्या आरावर रोडगे भाजले. रोडगे म्हणजे कणकेचे जाड गोळे. फोडून त्यावर तूप आणि काकांच्या वांग्यांची झणझणीत भाजी. वऱ्हाडात जाऊन हे खाल्लं नाही तर फेरी फुकट.

नाशिकला परतून दोन महिने झाले. मी घाईने जे सोडून दिलं, ते सुनंदा इतकी वर्षं बशीमागून बशी बघत राहिली, हे मनातून जात नाही. उष्णपेटी परत गेली. नऊपैकी चार रोपं जगली. मुळांच्या पेशींतले गुणांचे संच तपासले, तर तीन रोपं दोन संचांची, म्हणजे परागकोशाच्या भिंतीतून आलेली निघाली. एकच खरं परागातलं. ते आता दुप्पट करायचं, मग फुलं, मग बी. अजून काहीही होऊ शकतं.

काल तिचा फोन होता. काका येऊन गेले. त्या एका रोपासमोर तासभर बसले, हात लावला नाही. देठावरचे नवे काटे मात्र वाकून वाकून बघितले.

"काय म्हणाले?" मी विचारलं.

"म्हणाले, पाणी बेतानं देजो, आमच्या वांग्याले जास्त पाणी चालत नाही."