गेघार्दची उलटी पावलं

येरेवानहून निघालो तेव्हा धुकं इतकं, की टॅक्सीच्या काचेतून रस्ताच दिसेना. मी रामनगरचा शाळामास्तर. लेक वैदेही इथे डॉक्टरकी शिकते, म्हणून आर्मेनिया पाहायला मिळाला. नाहीतर आमचा प्रवास उळवीच्या जत्रेपुरता. चार दिवसांत तिने मला पाच मठ दाखवले. सगळे काळपट दगडाचे, आत गारठा आणि मेणाचा वास. तिसऱ्यापासून मला सगळे सारखेच दिसू लागले होते, पण लेकीपुढे तसं बोलायची सोय नव्हती.

गेघार्द मात्र वेगळं निघालं. दरीच्या टोकाला, अर्धं देऊळ डोंगरातच कोरलेलं. वाटेवर शेवाळलेले खाचकार (क्रूस कोरलेले उभे दगड). दाराबाहेर लवाश (कागदासारखी पातळ पोळी) घेतली, ती थंडीने हातातच कडक झाली. आतल्या खोलीत कातळातून झरा वाहतो. तिथल्या ओल्या फरशीवर मी सपशेल आपटलो. कोणी हसलंसुद्धा नाही, याचंच जास्त वाईट वाटलं.

मेणबत्ती लावून निघालो, तर एक म्हातारी उलटी चालत दाराकडे येत होती. तोंड वेदीकडे, एकेक पाऊल चाचपत. उंबऱ्याबाहेर आल्यावरच ती वळली.

"इथे देवाला पाठ दाखवत नाहीत, बाबा," वैदेही म्हणाली.

बाहेर ती म्हातारी बाकावर टेकली होती. वैदेहीच्या मोडक्यातोडक्या आर्मेनियनमधून विचारपूस झाली. लढाईत तिचं गाव सुटलं होतं.

"गाडी उभी होती. गावच्या देवळात मेणबत्ती लावली आणि पळत सुटले," ती म्हणाली. "पाठ करून. म्हणून आता प्रत्येक देवळातून सावकाश निघते."

मला आई आठवली. अणशीजवळच्या रानातलं आमचं गाव सोडून चार वर्षं झाली. दवाखाना लांब, शाळा लांब, म्हणून अख्खं गावच राजीखुशीने उठलं. सामान टेम्पोत चढलं आणि आई गावदेवाच्या दगडापाशी गेली. तिने हात जोडले न जोडले तोच हॉर्न वाजू लागला. ती धडपडत आली. रामनगर आल्यावर एवढंच म्हणाली, "देवाला पाठ दावून आले रं मी." तेव्हापासून ती एकदा तिथे ने म्हणते, आणि मी पुढचा रविवार सांगतो.

घरी परतलो त्या दिवशीच तिला सगळं सांगितलं. "आये, ह्या रविवारी नक्की जाऊ."

"आता न्हाई रं चालवत."

खरंच होतं. टेम्पोची ती वाट रानाने गिळलीय, आता दोन कोस पायीच जावं लागतं. मला स्वतःची लाज वाटली.

"पर ती बाई काय करती म्हनलास? परत सांग," आई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती अंगणाच्या टोकाला, अणशीच्या दिशेला तोंड करून उभी राहिली. हात जोडून बराच वेळ पुटपुटली. मग मागे सरकू लागली. मी पाठीमागून तिला धरलं होतं. उंबऱ्याला टाच लागली तशी ती थांबली आणि रडली.

"झालं. आता सुटलं गाव," म्हणाली. "त्या डायवरचं बी भलं हुंदे. त्येला तरी काय ठावं."

मी नुसती मान हलवली. हॉर्न वाजव म्हणून ड्रायव्हरला मीच सांगितलं होतं. ते तेव्हाही मला सांगवलं नाही.