कंदाला हात न लावणारे शांतिलालशेठ

शांतिलालशेठांची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा मी चोरी करत होते, असे त्यांचे मत होते. माझे मत अर्थातच वेगळे होते. मी जुन्नरच्या एका शाळेत विज्ञानशिक्षिका म्हणून नुकतीच रुजू झाले होते आणि वर्गातल्या कपाटासाठी वनस्पतींचे नमुने जमवत होते. जुन्नर आणि आंबेगावच्या शिवेवर बबनराव नावाच्या शेतकऱ्यांची भातखाचरे आहेत. त्यांच्या वरच्या अंगाला एक उपळट तुकडा आहे. तिथे जमिनीतून पाणी पाझरत राहते आणि पाऊल घोट्यापर्यंत रुतते. भाद्रपदात त्या चिखलात पांढरी जंगली आमरी, म्हणजे आपल्याकडचे रानटी ऑर्किड, फुलली होती. मी खुरप्याने एक रोप कंदासकट उपटले, तोच मागून आवाज आला, "बाई, फूल बघितलंत ते ठीक. पण कंद कशाला काढलात?"

वळून पाहिले तर पांढरा सदरा, दुमडलेला पायजमा आणि हातात चपला घेतलेले एक गृहस्थ उभे. "शास्त्राला नमुना मुळासकट लागतो," मी ठसक्यात म्हणाले. "झाडालाही तो लागतोच की," ते म्हणाले आणि त्यांनी माझ्या हातातून रोप घेऊन चिखलात गुडघे टेकून परत लावले. शेजारच्या काडीला पिवळी चिंधी बांधली. मला राग आला होता, आणि तो परतीच्या एसटीत उतरेना, कारण माझेच चुकले होते. पुढे मी त्यांच्यासोबतच तिथे जाऊ लागले.

जुन्नरच्या बाजारपेठेतले त्यांचे कापडाचे दुकान सर्वांना माहीत आहे. पंचक्रोशीतल्या कितीतरी लग्नांचे बस्ते तिथे बांधले गेले. शेठजींचे पूर्वज राजस्थानातून आले, पण ते स्वतः इथल्या मातीइतकेच इथले. घर जैन, त्यामुळे कांदा-बटाट्याच्या या मुलखात राहून त्यांनी आयुष्यभर कांदा-बटाटा खाल्ला नाही. कंद उपटला की त्याच्यासोबत किती जीव जातात, हे त्यांना लहानपणी घरात शिकवले गेले. पुढे आमरी त्यांना भेटली, तीही कंदावर जगणारी, आणि घरातली ती शिकवण रानात आली.

त्यांनी तिला पाणआमरी हे नाव ठेवले. शास्त्रात असे नाव नाही, पण आमच्या तोंडी आता तेच आहे. शेठजींची अवजारे सगळी दुकानातली. कापडाची वीण पाहायचे भिंग फुलांसाठी, मोजपट्टी दांड्याच्या उंचीसाठी, आणि ठाणांच्या काठाच्या चिंध्या खुणेसाठी, दर वर्षाचा रंग निराळा. "बाई, हिचा जुना कंद सुकतो, शेजारी नवा धरतो. बी म्हणाल तर धुळीवानी. मातीतली बुरशी जमली तरच रुजतं. उचलून कुंडीत लावली की संपली," हे त्यांनी मला सांगितले. वनस्पतिशास्त्राची पदवी माझ्याकडे होती, हे इथे नमूद करणे मला जड जाते.

पुण्याच्या एका अभ्यासकांनी ओळख पटवण्यासाठी कंद मागितला. शेठजींनी गळून पडलेली फुले, रेखाटने आणि नम्र नकार पाठवला. मी कपाळाला हात लावला. अभ्यासक मात्र पुढच्या भाद्रपदात स्वतः आले आणि चिखलात पालथे पडून तासभर पाहत राहिले. ओळख पटली आणि त्यांनी तिची शास्त्रीय नोंद छापायला दिली. त्या नोंदीत शेठजींनी आग्रहाने माझे नाव घालायला लावले आणि मला ते छापून आल्यावर कळले. खुरपे घेऊन आलेल्या बाईला त्यांनी असे माफ केले.

मग तो कठीण भाद्रपद आला. उपळट तुकड्यातून थेट आमरींवरून खुंट्यांची रांग ठोकलेली दिसली. पाऊस उघडला की जेसीबी आणून चर काढायचा, पाणी उतरवायचे आणि तिथे कांदा लावायचा, असे बबनरावांनी ठरवले होते. पाणी उतरले असते तर पाणआमरी संपली असती. आम्हाला ठाऊक असलेली तिची ही एकच जागा. मी कायदे, अर्ज, वनखाते असा सगळा दारूगोळा जमवला. शेठजी म्हणाले, "बाई, संवत्सरीला जाऊ. त्या दिवशी भांडायचं न्हाई, माफी मागायची."

संवत्सरी हा जैनांचा वर्षभराच्या चुकांची क्षमा मागण्याचा दिवस. दुकान बंद, शेठजींना कडक उपवास. एसटीतून उतरून ते बबनरावांच्या अंगणात गेले आणि हात जोडून म्हणाले, "बबनराव, इतकी वर्षं तुम्हाला न विचारता तुमच्या रानात शिरलो, चिंध्या बांधल्या. चुकलं. माफ करा."

बबनराव पुरते ओशाळले. "आवो शेठ, हात नका जोडू राव! आमच्या घरचे समदे बस्ते तुमच्याकडं बांधले, अन् तुमीच माफी मागताय?"

"पर शिरत कशापायी व्हता, ते तरी सांगा," दारातून हिराबाई, बबनरावांच्या पत्नी, म्हणाल्या.

शेठजींनी आपली नोंदींची वही उघडली. कोणत्या वर्षी किती आमरी फुलल्या, पाझर कधी आटला, आणि खालच्या खाचरात पाणी कधीपर्यंत टिकले, हे ते वाचू लागले. खाचराचीही नोंद ते ठेवत होते, हे मलाही नवीन होते. हिराबाईंनी त्यांना मध्येच थांबवले.

"खरं हाय. ज्या साली ही फुलं कमी, त्या साली खालचं भात कणीस पडायच्या आधी, पोटरीत असतानाच भेगाळलं. मी लई सांगितलं, वरचं पानी काढू नगा. ऐकतंय कोन?"

बबनराव पायांत वहाणाही न घालता वर गेले आणि त्यांनी एकेक खुंटी उपटून खांद्यावर टाकली. माझे अर्ज पिशवीतच राहिले. परतताना उपाशी शेठजी मला आधार देत चालले होते आणि मी रडत होते, आनंदाने. आम्ही जिंकलो होतो! त्या खुंट्यांवर पुढे हिराबाईंनी वालाचा वेल चढवला. आज त्या तुकड्यावर पाणआमरी दरवर्षी वाढते आहे आणि बबनराव पाहुण्यांना चपला काढायला लावून ती दाखवतात.

एक गोष्ट मात्र मला सलत होती. मी उपटलेले रोप पुन्हा उगवले नाही. शेठजी दरवर्षी तिथली चिंधी बदलत आणि वहीत तेवढी ओळ कोरी सोडत; मला त्यांनी त्याबद्दल कधी एक शब्द ऐकवला नाही. यंदा, त्यांच्या पंचाहत्तरीच्या वर्षी, बबनरावांचा फोन आला. "बाई, तुमी खड्डा केलता ना, तिथं दोन आल्यात. शेठला घेऊन या."

आम्ही गेलो. काडीपाशी दोन पांढरे तुरे उभे होते. तोच कंद इतकी वर्षे जमिनीत झोपून राहिला होता, की शेजारणीचे बी रुजले होते? मी विचारले. शेठजींनी भिंग डोळ्याला लावले, पुष्कळ वेळ पाहिले आणि म्हणाले, "ते कळायला खणावं लागंल, बाई. राहू द्या." मग वही उघडून त्यांनी ती कोरी ओळ भरली.

शांतिलालशेठ, आपणांस उदंड, निरोगी आयुष्य लाभो. तो पाझर आटू नये आणि दर भाद्रपदात चपला हातात घेऊन आपण त्या चिखलात उतरावे. मी मागोमाग येईन, खुरपे घरी ठेवून.