चौदा घरांची ज्वारी

सन १९५८, अक्षय तृतीया. जवळ रुपये चारशे ऐंशी. हजर चौघं: मी, बायको, विहीर खोदणाऱ्यांचा मुकादम आणि बांधाशेजारचे आप्पा, वय सत्तरीच्या पुढं.

मुरुम गावाच्या अलीकडं मी घेतलेलं ते चार एकर रान म्हणजे पूर्वीचं गाव. आप्पांच्या लहानपणी प्लेगात उठलं ते पुन्हा वसलं नाही. निजामाच्या दफ्तरात त्याच्या नावापुढं 'बेचिराग', म्हणजे दिवा विझलेलं, असं लिहिलेलं होतं.

मी शाळामास्तर; मोजल्याशिवाय मला करमत नाही. आदल्या सालच्या दुष्काळात उतारावरच्या मुरमाड तुकड्यात ज्वारी गुडघ्याएवढी राहिली. तिथं तरवड आणि कुसळी गवत तेवढं तगलं. वर जुन्या गावठाणाच्या पांढरीत मात्र ताटं माझ्या डोक्यावर गेली, तीही चौकटी-चौकटींनी. मधल्या पट्ट्यांत पीक खुरटलेलं. टेकाडावरून पाहिलं तेव्हा कळलं, खुरटलेले पट्टे म्हणजे जमिनीखालच्या भिंतींचे पाये. उंच चौकटी म्हणजे घरं. मी चौदा मोजली. वारा नसतानाही मधल्या बोळातून कुणी चालत गेल्यासारखी ताटं हलायची. बायकोनं पांढरीत निंदायला जाणं सोडलं.

विहीर अठ्ठावन्न सालीच व्हायला हवी होती. हे पैसे वाया गेले तर पुन्हा जमायला दहा वर्षं लागली असती.

आप्पा म्हणाले, "मास्तर, खाली वढ्याच्या काठाला उंबर हाय. तिथं खणा."

"तिथं तर नुसता मुरूम. पीक बघा, पांढरीत किती हिरवं होतं."

"तुमचं गणित लई पक्कं," आप्पा हसले. मग सर्वांत उंच ज्वारी आली होती ती चौकट त्यांनी काठीनं दाखवली. "खणायचंच म्हणता, तर हितं खणा."

खोदाई दर हाताला वीस रुपये. चौथ्या हाताला राखेचा थर लागला, त्यात चूल आणि जातं. जात्याची वरची तळी पहारीनं फुटली; जातं वर काढून बांधावर ठेवलं. मुकादमानं काम थांबवलं, नारळ फोडला, चुलीचा कोपरा पायरीसारखा सोडून पुन्हा सुरू केलं. अकराव्या हाताला कोरडा काळा खडक. पाण्याचा थेंब नाही. दोनशे वीस रुपये गेले.

आप्पा रोज काठावर येऊन बसत. त्या दिवशी म्हणाले, "हितलं पीक पाण्यावर आलं न्हाय, मास्तर. राखंवर, शेणावर आलं. मान्सं राहिली तिथली माती लई दिस हिरवी ऱ्हाती. उंबर मातर पाण्याबिगर उभा ऱ्हात न्हाय."

"माहीत होतं, तर अडवलं का नाही?"

त्यांनी काठीनं चुलीकडं दाखवलं.

"आईचं घर व्हतं. धा वर्साचा व्हतो, गाव उठलं तवा. एकदा बघायचं व्हतं."

मला राग यायला हवा होता. मी खड्ड्यात पाहिलं. चुलीच्या एका बाजूला जमीन गुळगुळीत झिजलेली होती, एका माणसाच्या बैठकीएवढी.

उरलेल्या पैशात उंबराखाली खणलं. बाराव्या हाताला पाणी लागलं. दोनशे चाळीस रुपये. शेवटच्या वीस रुपयांत तिथल्याच मुरमानं वरचा खड्डा बुजवला.

पुढच्या मार्गशीर्षात आप्पा आणि मी टेकाडावर उभे होतो. ज्वारी निसवली होती. खड्ड्याच्या जागी मुरमात काहीच आलं नव्हतं.

"किती?" आप्पांनी विचारलं. त्यांना आता लांबचं दिसत नव्हतं.

मी दोनदा मोजली. "तेरा."

"व्हय," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ते गाडी घेऊन जातं न्यायला आले. फुटलेली तळीसुद्धा घेतली. मुकादमाला चारशे ऐंशी पोचले होते. पाणी दाखवल्याबद्दल आप्पांनी माझ्याकडून पैसा कधी घेतला नाही. गाडी निघताना बायकोनं पांढरीतली गेल्या सालची दोन पायल्या ज्वारी जात्याशेजारी ठेवली. ती त्यांनी उतरवली नाही.