काकीचे धवले आणि मेमरीच्या पट्ट्या

आमच्या गावात कम्प्युटरमधलं सगळ्यात जास्त मला कळतं. म्हणजे, वाचनालयाचा शिपाई म्हणून दहा वर्षं मी रोज तो पुसलाय. त्यातली पाच वर्षं नुसती वरची टीव्हीसारखी काच पुसली. खरा कम्प्युटर म्हणजे टेबलाखालचं खोकं, हे कळलं तेव्हा आमच्या रेखाबाई म्हणाल्या, "दामूभाऊ, इतकी वर्षं तुम्ही नुसतं त्याचं तोंड पुसलंत!"

किहीमच्या पुढे आमचं वाचनालय. इथली पुस्तकं दर वर्षी कमी होतात, कारण नेणारा परत आणत नाही. किस्से मात्र वाढतात. एक नेला की माणूस दोन परत आणतो! खालचे सगळे तर एकाच आठवड्यातले.

रेखाबाई वाचनालय सांभाळतात. शाळेतून रिटायर झाल्या, पण आवाज अजून वर्गातलाच. त्यांनी जनाकाकीचे धवले रेकॉर्ड करून ठेवलेत. आमच्याकडे लग्नात धवलारीण धवले गाते, त्याशिवाय हळदसुद्धा पुढे सरकत नाही. आणि गावातली शेवटची धवलारीण म्हणजे काकी. यंदा तिच्याच नातीचं लग्न, आणि काकीचा आवाज पार बसलेला. चांगला आवाज उरला तो कम्प्युटरमध्ये! तीन तासांची एकच फाईल, त्यात गाण्यांच्या मधेमधे खोकला, कोंबड्या आणि शेजारणीच्या गप्पा. बाई गाणी कापून वेगळी करायला बसल्या की पडदा पांढराफटक! लग्न आठ दिवसांवर.

*

आमचे अध्यक्ष नाना. न्हावा शेव्याच्या बंदरात क्रेन चालवून रिटायर झाले. जगातली कुठलीही वस्तू चालेनाशी झाली की नाना एकच विचारतात, "लोड किती आहे?"

मी गंभीर चेहरा करून म्हटलं, "नाना, खोक्यावर रद्दीचा गठ्ठा आहे. त्यानेच दबलाय तो."

नानांनी घाम गाळून रद्दी हलवली. बटण दाबलं, आणि फाईल उघडली! चांगली दहा मिनिटं काकी गात होती. नाना माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "दाम्या, डोकं आहे तुला!" मी चेष्टा केली की इलाज, ते मलाच अजून कळलेलं नाही.

अकराव्या मिनिटाला पुन्हा पांढरा. नाना म्हणाले, "अजून काहीतरी जड आहे त्याच्यावर." आणि खाली वाकून बघतात तर माझे पाय!

*

अलिबागच्या सलमाताई कम्प्युटर दुरुस्त करतात. त्यांनी फोनवरच सांगितलं, "मेमरी कमी पडतेय. पट्टी बदला." नाना लेकीकडे उरणला निघालेच होते, तिथल्या दुकानात शिरले.

दुकानदाराने विचारलं, "डीडीआर टू की थ्री?"

नानांना वाटलं, हा जास्तीचा माल गळ्यात मारतोय. ठणकावून म्हणाले, "एकच द्या!"

त्या बिचाऱ्याने खरंच डीडीआर वन दिली, कुठल्या जमान्यातली शोधून. तिची खाच एकीकडे, खोबणीतला दात दुसरीकडे. नाना आपले दाबताहेत. "अरे, चाळीस फुटी कंटेनर बोटीवर बसवलेत मी! ही बोटभर पट्टी बसत नाही?"

बाई म्हणाल्या, "नाना, तेव्हा खाली बोट होती. इथे खाली काकी आहे! सोडा ती पट्टी!"

*

शेवटी सलमाताई स्वतः आल्या. खोकं उघडलं. आत पालीची दोन अंडी, मूठभर वाळू, आणि खाऱ्या वाऱ्याने पट्टीचे सोनेरी दात काळे पडलेले. "आधी जुनीच साफ करून बघू," म्हणत त्यांनी पर्समधून खोडरबर काढला आणि पट्टी घासायला घेतली.

बाई किंचाळल्या, "अहो, पुसताय काय! धवले आहेत त्यात!" आणि पट्टी हिसकावून पदराखाली!

सलमाताई हसून म्हणाल्या, "बाई, धवले हार्ड डिस्कच्या फडताळात आहेत, नीट. ही पट्टी म्हणजे ओटा. ओटा लहान, कढई मोठी, म्हणून स्वयंपाक अडतोय."

बाईंना पटलं. नाना मात्र बराच वेळ खोक्यात वाकून बघत होते. मग हळूच विचारलं, "गॅस कुठे आहे?"

*

जुनी घासूनही भागेना. मग सोबत आणलेली नवीन पट्टी हातात घेण्याआधी सलमाताईंनी खोक्याच्या पत्र्याला हात लावला, अंगातली वीज उतरावी म्हणून. ते बघून नानांनीही पत्र्याला हात लावला आणि मग छातीला.

अशी संधी मी सोडतो होय? कानात म्हटलं, "नाना, आज मासळी खाल्ली असेल तर आत थांबायचं नसतं."

नाना बोंबील खाऊन आलेले. तासभर बाहेर पायरीवर बसून खिडकीतून सूचना देत होते. सलमाताईंनी विचारलं, "नाना बाहेर का?" मी खरं काय ते सांगितलं.

"मग मलाही जायला हवं," त्या म्हणाल्या. "आणि दामूभाऊ, तुमच्या मिशीला लागलंय ते काय? कोलंबीच ना?"

*

दोन-दोन जीबीच्या दोन पट्ट्या बसल्या. बटण दाबलं. पीं! पीं! पीं! पडदा काळा.

बाई खुर्चीत बसल्या त्या उठेनात. सलमाताईंनी एका पट्टीवर अंगठा दाबला. टक! चित्र आलं.

नानांनी पायरीवरून आत येत चष्मा चढवून आकडा वाचला आणि ओरडले, "चार घातले, सव्वातीन दाखवतोय! पाऊण कुणी खाल्ला?"

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं.

सलमाताईंनी समजावलं, की आतली सिस्टीम जुनी आहे, तिला यापुढे मोजताच येत नाही.

"सातवीपर्यंतच शिकलेली दिसते," बाई म्हणाल्या.

पुन्हा सगळ्यांनी माझ्याकडेच बघितलं!

*

बाईंनी दोन दिवस बसून सोळा धवले वेगळे केले. हळदीच्या आदल्या दिवशी सकाळी काकीला ऐकायला बोलावलं. काकी काठी टेकत आली. खुर्ची नको म्हणाली, जमिनीवरच बसली.

धवला सुरू झाला. चार वर्षांपूर्वीचा तिचा आवाज, खणखणीत! बाई डोळे पुसायला लागल्या. काकी मान डोलवत होती, ती एकदम थांबली.

"बंद कर गो. चुकलाय."

"काय चुकलं, काकी?"

"मांडवान पयली आय येते, मंग मावशी. इथं मावशीच पयली आयली!"

बाईंनी तीनदा मागे नेऊन लावलं. तीनही वेळा मावशीच पुढे. मधे कुठे कापलेलंही नाही. बाई माझ्याकडे बघतात, मी नानांकडे, नाना खोक्याकडे.

"ऱ्हाऊ दे," काकी म्हणाली. "उद्या मीच गाईन. जसा निघल तसा." आणि घोगऱ्या आवाजात तीच ओळ गाऊन दाखवली, आई पुढे, मावशी मागे.

बाईंचं तोंड उतरलं. आठवडाभराची मेहनत! मला राहवेना. मी खोक्यावर थोपटत म्हटलं, "काकी, मेमरी चौपट केल्येय त्याची, ते कसं चुकेल? आणि आवाज तुझाच आहे. तूच तर गायलीस!"

"मी गायली तवा बरोबर व्हता," काकी काठी घेऊन उठत म्हणाली. "तुमचे डब्यान ऱ्हावून नासला!"