माल एकच होता

"डोळा लबाड असतो, भाऊसाहेब. आंगठा गरीब हाय, पन खरं बोलतो."

मिस्त्रींनी एवढं म्हणायचं, डोळे गच्च मिटायचे आणि अंगठ्याची नखाकडची कड पत्र्यावरून सावकाश फिरवायची. पत्रे जोडणाऱ्या रिबिटाचं डोकं केसभर वर असलं की अंगठा थांबायचा, मग मिस्त्री थांबायचे, मग अख्खी शेड थांबायची. "हितं उपटा," म्हणायचे. आम्हाला डोळे फाडफाडून पाहिलं तरी काही दिसायचं नाही. उपटून पाहावं तर खरंच काहीतरी खोट निघायची.

असा एखादा माणूस तुमच्याही पाहण्यात असेल. ज्याच्या हाताला आपण हसतोही आणि भितोही.

लढाई नुकतीच संपली होती. लष्कराच्या जुन्या लॉऱ्या लिलावात घ्यायच्या, वरचं सगळं उतरवायचं आणि नवी बॉडी चढवून तिची उतारू नेणारी सर्व्हिस मोटार करायची, हा आमच्या शेठचा धंदा. नगरला स्टेशन रस्त्यावर पत्र्याची लांबलचक शेड होती. मी तिथे स्टोअरकीपर. मॅट्रिक झालेला, आमच्या घरात तीन पिढ्या कारकुनी आणि मास्तरकी. हातोडी कुठल्या बाजूने धरतात हे मला तिथेच कळलं. मिस्त्री पारनेरकडच्या एका खेड्यातले. लढाईच्या दिवसांत लष्करी वर्कशॉपात पत्रा शिकलेले. पन्नाशीचे, काटकुळे, डोक्याला कायम तेलकट मुंडासं. शेडमधले सगळे त्यांना टरकून असायचे, माझ्याशी मात्र ते 'भाऊसाहेब' म्हणत फार अदबीने बोलायचे. शिकलेला माणूस म्हणून. ती अदब आठवली की आजही मला मेल्याहून मेल्यासारखं होतं.

आता हे सपाट रिबिटांचं खूळ आमच्याकडे कसं शिरलं ते सांगतो. आधी आम्ही गोल डोक्याचे रिबिट मारायचो. एकदा राहुरीकडची एक बाई आमच्या मोटारीतून उतरताना तिचं कोरं लुगडं बाकाच्या पाठीवरच्या रिबिटात अडकलं आणि टर्रकन फाटलं. बाई खमकी. दुसऱ्या दिवशी ते लुगडं काखेत मारून थेट कारखान्यात हजर. शेठच्या मेजावर टाकून म्हणाली, "एक तर नवं द्या, न्हाई तर हे तुमीच नेसा अन् बसा गाडीत!" शेडमध्ये हातोड्या थांबल्या. शेठने नवं लुगडं दिलं आणि बाई गेल्यावर मिस्त्रींना हाक मारली. यापुढे एकही डोकं वर दिसता कामा नये.

सांगायला सोपं. रिबिटाचं डोकं पत्र्यात बुडवायचं म्हणजे आधी भोक पाडा, मग भोकाच्या तोंडाला फुलपात्रासारखा उतार द्या, त्याला आमच्याकडे काउंटर म्हणतात. भोकाचं ड्रिल वेगळं, काउंटरचं वेगळं. दोनदा हात लागला की मध्य सरकतो. डोकं एका अंगाला बुडतं, दुसऱ्या अंगाला उठतं. मिस्त्रींना हवं होतं एकच पातं, पुढे भोक पाडणारं आणि लगेच मागे उतार देणारं. असली जोडपाती लष्कराच्या लिलावातल्या पोत्यात मिळाली खरी, पण तऱ्हेतऱ्हेची. पोतंभर.

त्यातलं नेमकं पातं शोधण्याचे ते चार-पाच दिवस माझ्या आयुष्यातले फार सुखाचे दिवस होते. मिस्त्रींनी पहिल्या दिवशी कनवटीतून काय काढावं? काजळाची डबी! शेड खो खो हसली.

"हसा," मिस्त्री म्हणाले. "घरी बी हीच गत. मंडळी म्हनली, या वयात काजळ कुनासाठी न्हेता? म्हनलं, रिबिटासाठी. इश्वास बसंना."

पत्र्याच्या तुकड्यात पात्याने भोक पाडायचं. रिबिटाच्या डोक्याखाली काजळ लावायचं, भोकात ठेवून एकदा गर्रकन फिरवायचं आणि काढून पाहायचं. काजळ सगळीकडून सारखं पुसलं गेलं तर डोकं आत पुरतं टेकलं. नुसतं काठाशी पुसलं तर वरून सपाट दिसतं, पण आत पोकळ. असा रिबिट आज बसेल, चार खड्डे खाल्ले की हलायला लागेल. दर पात्याचा उतार वेगळा, त्यामुळे नकार द्यायचंच काम जास्त. मिस्त्री पातं कानाशी नेऊन झटकायचे, उगाचच, आणि म्हणायचे, "ही पाव्हनी. चहा घिऊन जाईल." दुसरं घ्यायचे. "ही बी पाव्हनीच." मी वहीत फुल्या मारत होतो. मला वाटतं त्या दिवसांत पहिल्यांदा मी कारखान्याचा माणूस झालो.

पाचव्या दिवशी एका पात्याने काजळ सगळीकडून पुसलं. मिस्त्रींनी दहा रिबिट तपासले. मग सहाणेवर त्याची धार जराशी उतरवून आणखी दहा. मग पातं मुंडाशाच्या टोकाला पुसून माझ्यापुढे धरलं. "भाऊसाहेब, ही सून. हिला नीट संभाळायची."

पातं मी नीटच सांभाळलं हो. चूक झाली ती रिबिटांत.

मला स्टोअरचा फार अभिमान. प्रत्येक डब्याला चिठ्ठी, प्रत्येक चिठ्ठीवर वळणदार अक्षर. शेठ गिऱ्हाइकांना मुद्दाम आणून दाखवायचे. मिस्त्रींनी पारखलेल्या रिबिटांचा डबा अर्ध्यावर आला होता आणि शेजारी लिलावातल्या मालाचा दुसरा अर्धा डबा होता. जाडी मापली, तीच. लांबी तीच. डोकं दिसायला तेच. दोन अर्धे डबे माझ्या डोळ्यांना खुपत होते. मी एकात एक ओतले, वर नवी चिठ्ठी लावली आणि दोन पावलं मागे सरून कौतुकाने पाहिलं. डोक्याखालचा उतार मापायचा असतो हे पाच दिवस मिस्त्रींच्या मांडीला मांडी लावून बसूनही माझ्या टाळक्यात शिरलं नव्हतं.

मोटार झाली. देखणी झाली. मिस्त्रींनी पुढून मागे अंगठा फिरवला, कुठेच थांबला नाही. शेठने पेढे वाटले. गाडी पारनेरच्या रस्त्याला लागली, आणि तो रस्ता तेव्हा कसा होता ते त्या रस्त्याने गेलेल्यांनाच ठाऊक. बारा-पंधरा दिवसांत ती परत आली ती खुळखुळ्यासारखी वाजत. बाकांचे पत्रे हलत होते. काही रिबिट जागच्या जागी घट्ट, काही डोकं वर काढून बसलेले, आणि एका म्हाताऱ्याची तळहाताची कातडी त्यांतल्या एकाने सोलली होती.

मिस्त्री गाडीत चढले, एकटेच. किती तरी वेळ आत होते. उतरले. मडक्यातलं पाणी प्यायले आणि पुन्हा चढले.

मला काय सुचलं कोण जाणे. दिवेलागणीच्या सुमाराला सगळे गेल्यावर मी स्टोअरमध्ये बसलो, कंदिलाची काजळी बोटावर घेतली आणि डब्यातले वीस रिबिट पारखीच्या जुन्या पत्र्यातल्या भोकात मिस्त्रींच्या रीतीने फिरवून पाहिले. अकरांची काजळी सगळीकडून पुसली. नऊंची नुसती काठाशी. अंगठ्याचा काय दोष? वरून सगळंच सपाट होतं. उद्या सकाळी गेल्या गेल्या सांगायचं, असं ठरवून मी घरी गेलो. झोपही लागली, हे विशेष.

सकाळी पोचलो तर शेठ सगळ्यांच्या देखत मिस्त्रींपुढे उभे. "मिस्त्री, निम्मे घट्ट आणि निम्मे सैल, हे होतंच कसं? तुमचा हात तरी कापतो किंवा अंगठा तरी म्हातारा झाला."

मिस्त्रींनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत संशय असता तर बरं झालं असतं. नव्हता. आधार होता.

"भाऊसाहेब, माल एकच हुता ना?"

शेठनेही माझ्याकडे पाहिलं. माझ्या काखेत स्टोअरचं रजिस्टर होतं. नोकरी गेली असती असं नाही. शेठ फार तर ओरडले असते. भीती नव्हती, लाज होती. दोन शब्दांची तर गोष्ट. माझी जीभ उलटी पडली.

"एकच होता," मी म्हणालो.

"मंग माझंच चुकलं," मिस्त्री म्हणाले आणि गाडीतून पान्हे उतरवायला लागले.

शेठ त्यांना काढूनच टाकायला निघाले होते. मी मध्ये पडलो. एवढा जुना माणूस, एवढं चुकलं म्हणून घालवू नका, वगैरे. चांगलं बोललो मी. शेठ नरमले. मिस्त्री संध्याकाळी स्टोअरच्या दाराशी आले आणि हात जोडून उभे राहिले. काय वाटलं असेल मला, सांगा!

पुढचं आणखी वाईट. मी गुपचूप डबा निवडला. एकेक रिबिट पारखून खोटे तेवढे भंगारात टाकले. चूक दुरुस्त केली म्हणून मनाशी जरा हलकाही झालो. पुढच्या मोटारीचे बाक शेठने दुसऱ्या एका फिटरला दिले. तेच पातं, निवडलेला माल. गाडी महिना झाला तरी वाजली नाही. "बघितलंत?" शेठ म्हणाले. आता मिस्त्रींना स्वतःलाही शंका उरली नाही. मी दुरुस्ती केली आणि त्यांच्यावरचा आळ पुराव्यानिशी पक्का केला.

मग ते लोकांना विचारायला लागले. "बघ रं जरा, बसला का?" ज्याला रिबिट कशाशी खातात ठाऊक नाही अशालाही विचारायचे. पुढे पुढे पत्र्याला हात लावणं सोडलं. रंगाचे डबे ढवळायचे, गाड्या पुसायचे. मी रोज ठरवायचो, आज सांगू. रोज काहीतरी आडवं यायचं, आणि खरं सांगायचं तर आडवं मीच यायचो. एका सोमवारी ते आले नाहीत. मंगळवारीही नाहीत. गावाकडे गेले म्हणून कळलं.

दीड वर्षाने मी त्यांच्या गावी गेलो. ठरवूनच गेलो होतो, पाय धरायचे आणि सांगून टाकायचं. घर विचारत पोचलो तर ओसरीवर त्यांच्या पत्नी धान्य पाखडत बसलेल्या. मोकळं कपाळ पाहिलं आणि मला कळायचं ते कळलं. मिस्त्री पावसाळ्यात हिवतापाने गेले होते.

मी कोण ते सांगितल्यावर त्यांनी सूप बाजूला ठेवलं, लगबगीने घोंगडी अंथरली, गुळाचा चहा केला. "लई नाव काढायचे तुमचं," त्या म्हणाल्या. "शेठ काढाय निघाला हुता, भाऊसाहेबांनी राखलं म्हनायचे. देवमानूस म्हनायचे."

मी चहा खाली ठेवला. मी विचारलं, इकडे काही काम करायचे का?

"कशाचं काम! दाराची कडी सैल झाली तर सुताराला बोलवायचे. बोटभर खिळा ठोकायचा, त्येला सुतार! अन् तो ठोकायला लागला की हे भिताडाकडं त्वांड करून बसायचे. म्हनायचे, माझ्या हातानं मानसाचं रगत सांडलं."

मग मी सांगितलं. दोन डबे, काजळी, वीस रिबिट, सगळं. कुठेही स्वतःला झाकलं नाही. संपल्यावर त्यांनी एकच विचारलं.

"तवाच कळलं हुतं तुमाला?"

"आदल्या दिवशी."

मला वाटलं रडतील, शिव्या देतील. द्यायलाच हव्या होत्या.

"मी रोज सांगायची त्यास्नी," त्या म्हणाल्या. "तुमचा हात चांगला हाय, दुसरंच कायतरी झालं आसंल. रोज सांगायची. बाईमानूस, मला काय कळतंय रिबिटातलं, माझं ऐकत न्हवते." सूप पुन्हा पुढे ओढलं. "तुमचं ऐकलं असतं."

मी उठलो. घोंगडीची घडी केली, ती कुठे ठेवावी कळेना म्हणून तिथेच ठेवली. निघणाऱ्याला आपल्याकडे कुणीही, वैऱ्यालासुद्धा, 'या' म्हणतं. मी पायऱ्या उतरून अंगण ओलांडेपर्यंत वाट पाहिली. मागून नुसता सुपाचा आवाज येत होता.