गोदामाच्या दारावरचे बारा महिने

आमच्या गहिनीनाथ गुरुजींना वडवणीच्या बाजारात ‘चर्चवाले गुरुजी’ म्हणत. दर सोमवारी परळीच्या वैजनाथाला जाणारा माणूस, कपाळाला भस्म, आणि तोंडात सदा युरोपातली चर्चं! चित्रकलेच्या परीक्षेला हैदराबादेला गेले, तेव्हा रद्दीच्या दुकानातून त्यांनी एक फाटकं पुस्तक आणलं होतं. त्यात फ्रान्स-स्पेनातल्या आठ-नऊशे वर्षांपूर्वीच्या चर्चांची चित्रं होती. त्या घडणीला रोमनेस्क म्हणतात हे आमच्या गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक झालं, कारण गणिताचा तास असो की पारावरच्या गप्पा, गुरुजी फिरून तिथेच यायचे. जाड भिंती, गोल कमानी, इवल्या खिडक्या. पण त्यांचा जीव अडकला होता तो दारांवर. तिथल्या कारागिरांनी दारावर बारा महिन्यांची कामं कोरली होती: कुणी द्राक्षवेल छाटतोय, कुणी गहू कापतोय, कुणी थंडीत पाय शेकतोय. “देवाच्या दारात रानातला माणूस,” असं ते म्हणायचे. असं एक दार आपल्या हातून व्हावं, एवढीच त्यांची आयुष्यभराची हौस. आम्ही हसायचो.

बहात्तरच्या दुष्काळात सोसायटीला धान्यासाठी गोदाम हवं होतं. सिमेंटला परमिट, लोखंड मिळेना, दगड मात्र हवा तेवढा. गुरुजी हट्टालाच पेटले: भिंती जाड घ्या, कमान गोल घ्या, लोखंड लागतच नाही. चेअरमन अर्जुनराव शेवटी हो म्हणाले. गुरुजी खडूने आखायचे, बंकट पाथरवट कोरायचा.

दार पुरं झालं आणि गाव बघायला आलं. दारावर आमचेच बारा महिने होते. आटलेल्या विहिरीत उतरलेली बाई, छावणीला निघालेले बैल, पोटाला मिळणाऱ्या सरकारी सुकडीसाठी पसरलेले हात. उजव्या खांबावर, हाताला लागेल अशा उंचीवर, दुष्काळी कामावर खडी फोडणारी आमच्या गावची भिवराबाई आणि तिच्या मांडीवर झोपलेलं लेकरू.

अर्जुनरावांना ते रुचलं नाही. “गुरुजी, दुष्काळ कावून कोरला? पोराबाळांनी जल्मभर हेच बघायचं का? तिथं लक्ष्मी पायजे. बंकट, तासून टाक ते.”

बोलणं अगदीच खोटं नव्हतं. तासन्‌तास बोलणाऱ्या गुरुजींनी नुसता खांबावर हात ठेवला. मला त्यांची फार कीव आली. बंकटने छिन्नी लावली, तशी भिवराबाई गर्दीतून पुढे आली.

“दादा, थांबा जरा,” ती अर्जुनरावांना म्हणाली. “माजी ही मांडीवरची लेक चैतात गेली. गुरुजींनी तिला खडीवर बघून काढली व्हती. माज्यापाशी तिचा फोटू न्हाई.”

बंकटने छिन्नी खाली ठेवली. अर्जुनरावांनी खांबावरच्या त्या लेकराकडे पाहिलं. मग हळूच म्हणाले, “लक्ष्मी मागच्या भिंतीला बसवा.”

त्या दिवसापासून आम्ही गुरुजींना हसलो नाही. गावात मोठमोठी माणसं होऊन गेली, पण असं काही उभं करून गेलेला मला दुसरा माहीत नाही.

भिवराबाई बाजाराला जाता-येता त्या लेकराच्या डोक्यावरून हात फिरवायची. वर्षानुवर्षं. होता होता त्याचे नाक-डोळे झिजून गेले. म्हातारा बंकट म्हणाला, पुन्हा कोरून देतो.

“राहू दे,” गुरुजी म्हणाले. “आईच्या हातानं झिजलंय ते.”