घोरपडीची शिशी

नवऱ्याचं नाव घ्यायचं न्हाय म्हणतात, पर आज घेते. मुरूम गावात ह्या माणसाचं कुणी ऐकलंच न्हाय, निदान नाव तरी ऐका. कोंडीराम.

मेंढरं राखायची आन् वर्साला एक घोरपड धरायची, एकच, ती बी दिवाळीनंतर. पावसाळ्यात ती अंड्यावर असते, तवा तिच्या बिळाकडं फिरकायचं न्हाय, असा ह्यांचा नेम. चरबी मंद जाळावर कढवली की शिशीभर तेल निघायचं. गुडघे धरलेली म्हातारी माणसं दारात यायची, हे चार थेंब चोळून द्यायचे. शिशी वर्सभर पुरायची. माझ्या सासूबाईंना बी त्यातलंच. ते लावलं तर हिवाळ्यात काठी टेकत परसाकडं जायच्या, न्हायतर खाटंवरच.

पेठेतल्या गुरुसिद्धप्पा सेठचे गुडघे दुखायला लागले आन् आमची वाट लागली. घरात लिंगपूजा, मांसमच्छी वर्ज्य. औषध म्हणून तेल चालायचं, पर घरात ठेवायला चालायचं न्हाय. मागल्या दारानं शिशी घ्यायची, एकदा चोळायचं, उरलेलं उकिरड्यावर. आठ दिवसांनी पुन्हा निरोप.

हे म्हणाले, "सेठ, शिशी माझ्याकडं राहू द्या. म्या रोज येऊन चोळतो."

"गावभर फिरलेलं तेल माझ्या अंगाला? मला नवंच पायजे."

एका माणसाच्या दोन गुडघ्यांपायी किती घोरपडी मारायच्या? ह्यांनी साफ न्हाय म्हणून सांगितलं.

मग सेठनं बाजारात सांगून ठेवलं, घोरपड आणील त्याला पैका. झालं. भर श्रावणात लोक कुदळी घेऊन माळावर. पोटात अंडी असलेल्या माद्या मारून आणल्या, चरबी बघाल तर नावाला न्हाय. हे बिळांवर जाऊन भांडायचे. लोक हसायचे, "माळ काय तुझ्या बापाचा हाय का?" घरी येऊन भाकरीला हात लावायचे न्हायत, आन् राग सगळा माझ्यावर.

रझाकारांच्या धामधुमीआधीचा तो हिवाळा. शिशी रिकामी, सासूबाई खाटंवर. हे सगळा माळ पालथा घालून हात हलवत परत आले.

"एकच दिसली. सोडली."

माझं टाळकंच फिरलं. "घरात आई कण्हतीया आन् तुम्ही घोरपडीवर दया करताय?"

"ही मारली तर पुढच्या वर्सी आईला काय लावू?"

दोन दिवस न्हाय गेले, सेठचा गडी सिदू तीच घोरपड मारून दारात घेऊन आला. ह्यांनी बघताक्षणी वळखली.

"मामा, सेठनं तेल काढून मागितलंय."

ह्यांनी तिच्या पाठीवरनं हात फिरवला. मग म्हणाले, "काढतो. पर पयले चार थेंब माझ्या आईला."

सिदू खाली बघत म्हणाला, "मग ते सेठला चालायचं न्हाय."

"मग घेऊन जा."

म्या हातापाया पडले, दोघांच्या बी. सिदूनं घोरपड उचलली आन् गेला. पेठेत कुणीतरी चरबी भडक्या जाळावर ठेवली, ती जळून काळी झाली. ना सेठला तेल मिळालं, ना आम्हाला.

तो हिवाळाभर सासूबाईंना म्या पाठुंगळी घेऊन परसाकडं न्यायचे. दर खेपंला त्या कानाशी विचारायच्या, "कोंड्याला घोरपड घावली का गं?"

"घावंल," म्या म्हणायचे.